तीन फ्लोरिन आणि पांढरे मोजे

"मॅडम, पण ह्याचे त्याला पैसे किती मिळाले?"

गेल्या वर्षी हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी तो झटकून टाकला. पडद्यावर मडोना, म्हणजे बाळ येशूची आई मरियम, होती, मी सौंदर्य, मानवतावाद, प्रबोधनकाळ वगैरे बोलत होते आणि नववीतल्या ह्या बाबाला पडलंय पैशाचं! "कलेची किंमत पैशात करायची नसते," असं काहीतरी म्हणाले. तो गप्प बसला. वर्गही गप्प बसला, आणि मग तासभर गप्पच राहिला.

मी मिरजेत एका शाळेत चित्रकला शिकवते. वर्षातले बरेच महिने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीत जातात. स्थिरचित्रात तांब्या तिरका का होतो आणि संकल्पचित्रात रंग बाहेर का जातो, ह्यातच माझी हयात गेली. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी सुचवलं की शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मुलांना जरा जगातलं काही दाखवा, ऐकवा. मी उत्साहाने चौसष्ट स्लाइड केल्या. लिओनार्दो, राफाएल हे चित्रकार, मग हायडन, मोत्झार्ट हे संगीतकार. शेवटी एका मुलीने विचारलं, "मोत्झार्ट आणि लिओनार्दोची ओळख होती का?" लिओनार्दो १५१९ मध्ये गेला, मोत्झार्ट जन्मला १७५६ मध्ये. पण चूक तिची नव्हती. मीच दोघांना पाठोपाठच्या स्लाइडवर बसवलं होतं, एकाच लग्नातल्या पाहुण्यांसारखं.

त्यात 'क्लासिकल' ह्या शब्दाचा घोळ वेगळाच. मिरजेत क्लासिकल म्हटलं की अब्दुल करीम खाँ. युरोपात त्याच शब्दाचा एक अगदी नेमका अर्थ आहे : साधारण १७५० ते १८२० ह्या सत्तर वर्षांतलं संगीत. हायडन, मोत्झार्ट आणि बराचसा बेथोव्हेन त्यात येतो. बाखसुद्धा त्यात येत नाही, तो १७५० मध्येच गेला. हे सांगताना मुलांचे डोळे मिटायला लागले, तेव्हा मी चौसष्ट स्लाइडचं ते प्रकरण मिटवून टाकलं.

ह्या वर्षी ठरवलं, पैशांपासूनच सुरुवात करायची. दोन कागद घ्यायचे, दोन्ही करारनामे. एक चित्रकाराचा, एक संगीतकाराचा. मध्ये पावणेतीनशे वर्षं.

पहिला कागद फ्लॉरेन्सचा, २३ ऑक्टोबर १४८५ चा. एका बाजूला चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो, दुसऱ्या बाजूला अनाथाश्रमाच्या वतीने बेर्नार्दो नावाचा एक धर्मबंधू. हा अनाथाश्रम म्हणजे ओस्पेदाले देल्यी इनोचेंती. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने तो उभारला. इमारत ब्रुनेलेस्कीची, काम सुरू १४१९ मध्ये, आणि पहिलं बाळ आत आलं १४४५ मध्ये. मुलगी होती. (हे सांगितल्यावर वर्गातल्या दोन-तीन मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मी तिथे काही बोलले नाही.) त्या आश्रमाच्या चर्चमधल्या वेदीसाठी चित्र हवं होतं : बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे.

करार फळ्यावर लिहून काढला, एकेक कलम. किंमत ११५ फ्लोरिन. मुदत ३० महिने. दर महिन्याला ३ फ्लोरिन मिळणार, १ नोव्हेंबरपासून. उशीर झाला तर १५ फ्लोरिन दंड. चित्रकाराने कागदावर काढून दाखवलंय तसंच चित्र फळीवर उतरलं पाहिजे, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने रंगवायचं. रंगांचा आणि सोन्याचा खर्च त्याचाच. आणि सगळ्यात गमतीचं कलम : चित्र पुरं झाल्यावर ते ११५ फ्लोरिनच्या लायकीचं आहे की नाही, हे बेर्नार्दो ठरवणार. त्याला वाटलं तर तो दुसऱ्या कुणाचं मत घेईल, आणि नाही पटलं तर स्वतःला योग्य वाटेल तेवढी रक्कम कापेल.

"म्हणजे रिचेकिंग," मागून आवाज आला. "फक्त मार्क कमीच होणार."

फ्लोरिन म्हणजे सोन्याचं नाणं, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना सोन्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. वर्गात एकाचा काका तमिळनाडूत सोनं गाळतो. त्यानेच तोंडी गणित केलं : ११५ गुणिले साडेतीन, चारशे ग्रॅम, चाळीस तोळे. वर्गात पहिल्यांदाच जान आली. कुणी म्हणालं लई झाले, कुणी म्हणालं अडीच वर्षांत चाळीस तोळे म्हणजे काय लई, त्यात रंग पण त्याचेच. आणि एका मुलीने वहीत मांडलं : ३० महिने गुणिले ३ म्हणजे ९०, मग वरचे २५ कुठे गेले? म्हटलं, आता तुला बेर्नार्दोच्या हातातली दोरी दिसली.

मग निळा रंग. करारात लिहिलंय की निळा हा 'अल्ट्रामरीन'च हवा, आणि तोही एका औंसाला ४ फ्लोरिन ह्या भावाचा. औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. ४ फ्लोरिन म्हणजे १४ ग्रॅम सोनं. थोडक्यात, रंगाच्या निम्म्या वजनाचं सोनं मोजायचं. माझ्याकडे ट्यूबमधला अल्ट्रामरीन होता तो मी सगळ्यांच्या हातात फिरवला. हा आता कारखान्यात होतो, कुणालाही परवडतो. तेव्हाचा यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून. ज्याला आपल्याकडे राजावर्त किंवा लाजवर्द म्हणतात, तो दगड. डोंगरातून उतरून, समुद्र ओलांडून इटलीत यायचा, म्हणून नावच 'समुद्रापलीकडचा'.

दगड नुसता कुटला तर रंग राखट येतो, कारण त्यात निळ्याबरोबर बाकीचे खनिज कण असतात. चेन्नीनो चेन्नीनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या आसपास ह्याची कृती लिहून ठेवलीये. भुकटी पाईनची राळ, डिंक आणि मेणात मळायची, गोळा करायचा, तो निदान तीन दिवस-रात्र मुरू द्यायचा, मग राखेच्या निवळीत दोन काठ्यांनी तिंबायचा. निळा कण हळूहळू पाण्यात उतरतो. पहिलं पाणी सर्वांत जर्द, दुसरं त्याहून फिकं, शेवटी उरते करडी राख. म्हणजे ४ फ्लोरिनचा निळा हा पहिल्या पाण्याचा, असं समजायला हरकत नाही. चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळली की काय होतं, हे मुलांना माहीतच असतं. तांब्याच्या खनिजातला स्वस्त निळाही बाजारात मिळायचा, आणि तो खपवला जाऊ नये म्हणूनच हे कलम.

हे सगळं झाल्यावर मी चित्र दाखवलं. आधी नाही. माझ्या मते ह्या वर्षी मी एवढं एकच शहाणपणाचं काम केलं.

मुलांनी सगळ्यात आधी काय बघितलं असेल? निळा कुठे लावलाय ते. मधोमध बसलेल्या मरियमच्या वस्त्रावर नजर जाते ती काही आपोआप जात नाही, तिथे पैसा ओतलेला आहे. मी गेल्या वर्षी 'रचनेचं केंद्र' म्हणून ह्याच चित्रावर बाणाची खूण काढली होती. ह्या वेळी बाण लागला नाही.

मग बाकीचं दिसायला लागलं. वर देवदूत लांब पट्टी धरून गातायत. मागे बंदर आहे, जहाजं आहेत. गर्दीत एक माणूस राजांकडे न बघता सरळ आपल्याकडे बघतो, तो खुद्द गिर्लांदायो मानतात. आणि पुढच्या बाजूला, श्रीमंत राजांच्या बरोबरीने, दोन लहानगी मुलं गुडघे टेकून आहेत. पांढरे सदरे, अंगावर जखमा. ही बायबलातल्या हेरोद राजाने मारलेली बाळं, 'इनोचेंती' म्हणजे निष्पाप, ज्यांच्या नावाने तो आश्रम आहे. मागच्या बाजूला ती कत्तलही रंगवलीये. आश्रमातली मुलं चर्चमध्ये जाऊन हेच चित्र बघणार होती. आईबापांनी सोडून दिलेल्या पोरांना समोर दिसणार की आपल्याएवढंच एक पोर राजाच्या रांगेत बसलंय. हे वाक्य मी वर्गात बोलले नाही. एका मुलानेच विचारलं, "ती मुलं म्हणजे तिथलीच का?" मी म्हटलं, तसं तर नाही, आणि तसंच.

'स्वतःच्या हाताने' ह्या कलमाचं काय झालं ते सांगायला हवं. वेदीच्या चित्राखाली छोट्या चित्रांची एक पट्टी असते, ती शेवटी बार्तोलोमेओ दी जोव्हान्नी नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने केली. चित्रावर साल १४८८ आहे.

आता माझा लाडका कागद. १४८७ च्या जूनमधली एक नोंद सापडलीये. त्या अनाथाश्रमाकडून गिर्लांदायोचे ३ फ्लोरिन येणं होतं, ते घ्यायला कार्यशाळेतर्फे एक पोरगा आला. पोराचं नाव मायकेलअँजेलो, बापाचं नाव लोदोविको. जन्म मार्च १४७५ चा, म्हणजे बारा वर्षांचा. पुढे रोममधल्या सिस्टीन चॅपलचं छत रंगवणारा तोच हा.

वर्ग हसत सुटला. "म्हणजे चहा आणायला पाठवतात तसं!" हो, तसंच. पुढच्या एप्रिलमध्ये, १४८८ ला, त्याच्या बापाने त्याला रीतसर तीन वर्षांसाठी गिर्लांदायोकडे ठेवलं, आणि त्याचाही करार झाला. गंमत अशी की फी शिष्याने द्यायची नव्हती, गुरूनेच तीन वर्षांत २४ फ्लोरिन द्यायचे होते. (ह्यावर मुलांच्या डोळ्यांत जो विचार आला तो मी ओळखला आणि विषय बदलला.) हिशेब केलात तर त्या वेदीच्या चित्राची ३० महिन्यांची मुदतही त्याच एप्रिलमध्ये संपत होती. त्या महिन्यात तिथे किती धावपळ असेल आणि नव्या पोराला काय काय कामं लागली असतील, ह्यावर आम्ही अर्धा तास नुसत्या कल्पना लढवल्या.

दुसऱ्या शनिवारी दुसरा कागद. १ मे १७६१. एका बाजूला हंगेरीतला अफाट श्रीमंत प्रिन्स पाउल आंटोन एस्टरहाझी, दुसऱ्या बाजूला एकोणतीस वर्षांचा योझेफ हायडन. पद उपसंगीतप्रमुख, पगार वर्षाला ४०० गुल्डन, दर तिमाहीला. (ह्या गुल्डनलाही फ्लोरिन म्हणायचे, पण हे ते सोन्याचं नाणं नव्हे, त्यामुळे गलाईवाल्याच्या पुतण्याला मी आवरलं.) जेवण अधिकाऱ्यांच्या पंगतीत, नाहीतर त्याबदली दिवसाला अर्धा गुल्डन.

कलमं ऐका. सगळ्या वादकांनी आणि हायडननेही गणवेशात यायचं, पांढरे मोजे, पांढरे स्वच्छ कपडे, केसांना पावडर, मागे वेणी किंवा टोप, आणि सगळे एकसारखे. रोज दुपारच्या आधी एकदा आणि नंतर एकदा बाहेरच्या दालनात हजर राहायचं आणि आज वादन हवंय का ते विचारायचं. हाताखालच्यांशी दांडगाईने वागायचं नाही, पण त्यांच्यात बसून खाण्यापिण्याची सलगीही करायची नाही. प्रिन्स सांगतील ते रचायचं. आणि रचलेलं कुणाला द्यायचं नाही, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी रचायचंही नाही.

"लग्नातल्या बँडवाल्यांसारखं," एक मुलगी म्हणाली. तिचे मामा बँडमध्ये आहेत, त्यामुळे हे तिने तुच्छतेने म्हटलं नव्हतं. गणवेशाला इस्त्री कोण करणार, हा तिचा पुढचा प्रश्न होता.

दरबार आणि गवई हे नातं आमच्या भागात फार समजावून सांगावं लागत नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँ होते, एवढं म्हटलं की पुरतं. पण पांढऱ्या मोज्यांचं कलम आपल्याकडे कुणी लिहून घेतलं असेल असं वाटत नाही.

पाउल आंटोन वर्षभरात गेला आणि भाऊ निकोलाउस गादीवर आला. त्याला बॅरिटोन नावाचं एक तंतुवाद्य वाजवायचा नाद. १७६५ मध्ये त्याने हायडनला चक्क लेखी समज दिली की कामात हयगय होतेय, आमच्या वाद्यासाठी आणखी रचा. हायडनने मग सव्वाशेच्या आसपास बॅरिटोन त्रिकुटं रचली. त्या वाद्याचं चित्र मी पडद्यावर टाकलं तेव्हा वर्गातला सतारमेकरांच्या घरातला मुलगा उठून पुढेच आला. पुढून गजाने वाजवायच्या तारा, आणि दांडीच्या मागे आणखी तारांची रांग, त्या आपोआप झंकारतात, शिवाय डाव्या अंगठ्याने छेडताही येतात. "मॅडम, ही तरफ आहे," तो म्हणाला. आणि पुढची दहा मिनिटं त्याने शिकवलं, मी बसून ऐकलं. घोडीची जवारी, तरफेच्या तारा कशा लावतात, एक जरी बेसूर असली तरी सगळा आवाज कसा मरतो. प्रिन्सला वाजवायला अवघड का जात असेल आणि हायडन त्याला सोपं का लिहून देत असेल, हे माझ्यापेक्षा त्याला जास्त कळलं.

मोत्झार्टचं थोडक्यात आटोपलं. १७८१ मध्ये तो साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या नोकरीत व्हिएन्नात होता, तेव्हा त्याने वडिलांना पत्रात कळवलं की जेवायला मला खासगी नोकर आणि आचाऱ्यांबरोबर बसवतात, नोकर वरच्या जागी, मी निदान आचाऱ्यांच्या वर आहे एवढंच नशीब. त्याच जूनमध्ये आर्चबिशपच्या माणसाने त्याला लाथ मारून बाहेर काढलं. त्याने नोकरी सोडली. हायडनने सोडली नाही. मुलांना मोत्झार्ट आवडला, अर्थातच. मला त्या दिवशी हायडनच्या बाजूने बोलायचं होतं.

निकोलाउसने दलदलीच्या मुलुखात एस्टरहाझा नावाचा महाल बांधला. उन्हाळ्यात सगळा लवाजमा तिकडे. वादकांची बिऱ्हाडं मागे आयझेनश्टाटला, बायकापोरांना महालावर आणायला मनाई. १७७२ मध्ये मुक्काम लांबत लांबत शरद ऋतू आला. वादक हायडनकडे गेले, म्हणाले काहीतरी करा. अर्ज करायची सोय नव्हती. हायडनने सिंफनी लिहिली, क्रमांक ४५, 'फेअरवेल'. स्वरही असा आडवळणी निवडला, एफ शार्प मायनर, की हॉर्नच्या नळीला जोडायचे खास तुकडे त्यासाठी घडवून घ्यावे लागले.

शेवटचा भाग जोरात सुरू होतो आणि मध्येच तुटतो. मग एक संथ चाल येते. पहिला ओबो (सनईसारखं वाद्य) आणि दुसरा हॉर्न आपापला तुकडा वाजवून थांबतात, समोरची मेणबत्ती विझवतात आणि उठून जातात. मग बासून (ओबोचाच खर्जातला भाऊबंद) जातो. मग उरलेला ओबो आणि हॉर्न. मग डबल बास, तो जाताना मोठा तुकडा वाजवून जातो. मग चेलो, मग बाकीची व्हायोलिनं, मग व्हिओला. शेवटी फक्त दोन व्हायोलिनं, तीही आवाज दाबून.

मी हे माझ्या हातभर स्पीकरवर ऐकवलं आणि डबल बासच्या वेळी नुसती शांतता. "मॅडम, खर्ज येतच नाहीये," तरफवाला म्हणाला. गणेश मंडळाचा मोठा बॉक्स मिळवला, तो जिन्यावरून चढवायला चौघं लागले, आणि मग तो खर्ज आला. बाकांना हात लावून मुलं बसली होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी ते करून बघायचं ठरवलं. मेणबत्त्यांना शाळेत परवानगी नाही, म्हणून दिवाळीतल्या सेलवरच्या पणत्या. प्रत्येकाला एक वाद्य. वाजवायचं काही नाही, फक्त आपला आवाज ओळखायचा आणि तो संपला की पणती बंद करून निघायचं. पहिल्या खेपेला बासून कुणाच्या लक्षातच आला नाही, त्याला स्वतंत्र तुकडाच नाही. दुसऱ्या खेपेला चेलो झालेला पोरगा डबल बासच्या आधीच निघाला. चौथ्या खेपेला जमलं. मी शिकवायला गेले असते तर ओबो आणि हॉर्नमधला फरक त्यांना मार्चपर्यंत कळला नसता.

शेवटची दोन व्हायोलिनं कोण वाजवत होतं? एक हायडन, दुसरा लुइजी तोमासिनी, प्रमुख व्हायोलिनवादक. आणि १७७२ च्या त्या मनाईतून ज्या मोजक्या माणसांना सूट होती, ज्यांना बायकोला महालावर ठेवता येत होतं, त्यांत हे दोघेही होते. म्हणजे ज्यांना घरी जायची घाई नव्हती तेच दोघे शेवटपर्यंत थांबले, आणि बाकीच्यांची रजा त्यांनी वाजवून दाखवली. सांगतात की प्रिन्सला मुद्दा कळला आणि दुसऱ्याच दिवशी निघायची तयारी झाली.

"मग ह्यानं स्वतःसाठी काय मागितलं?" पैशाचा प्रश्न विचारणारा आता दहावीत गेलाय, पण शनिवारी येतो. ह्या वेळी मी झटकलं नाही. १७७९ मध्ये नवा करार झाला आणि त्यातून ते कलम गेलं, दुसऱ्यांसाठी न रचण्याचं. पुढे त्याच्या रचना छापल्या जाऊ लागल्या, पॅरिसहून मागणी आली, आणि १७९० मध्ये निकोलाउस गेल्यावर हायडन थेट लंडनला. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. अठरा वर्षं ते एक कलम सोसलं त्याने. वर हेही म्हणायचा की जगापासून तुटलो होतो, टोकायला कुणी नव्हतं, म्हणून मला स्वतःचं असं काही करावंच लागलं.

शाळेच्या जिन्याची भिंत रंगवायचं काम आमच्याकडे आलंय. मी मुलांना म्हटलं, आधी करार लिहा. त्यांनी दीड पान लिहिलं. निळा चांगल्या कंपनीचाच आणायचा, खर्च शाळेचा. काढून दाखवलंय तसंच रंगवू, पण माकडाची जागा बदलू शकते. भिंत आवडली नाही म्हणून नंतर कुणाला काही कापता येणार नाही. गणवेश रंगला तर वर्गशिक्षकांनी बोलायचं नाही. पैसे किंवा वडापाव, जे ठरेल ते आणायला सगळ्यात लहान पोराला पाठवायचं नाही, आणि पाठवलंच तर त्याचं नाव कागदावर लिहून ठेवायचं.

कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे. सही अजून झालेली नाही. निळा मी आणून ठेवलाय.